दुसरा अल्बम आणि बदललेले मत

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि महाविद्यालयाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. ‘वीझर’ या अमेरिकन बँडचा ‘पिंकर्टन’ हा दुसरा अल्बम म्हणजे नव्वदच्या दशकातील एक उत्कृष्ट कृती आहे, असे तो सांगतो. त्याच्या आग्रहाखातर मी तो तीनदा ऐकला. मला तो बेसूर आणि आरडाओरड्याचा वाटला. प्रसिद्ध झाला तेव्हा समीक्षकांनी आणि श्रोत्यांनीही तो नाकारला होता, असे नंतर कळले. मग चूक त्यांची होती की आताच्यांची?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी एक दुरुस्ती करतो. सप्टेंबर १९९६ मध्ये आलेला हा अल्बम सरसकट नाकारला गेला नव्हता. काही समीक्षकांनी त्याची स्तुतीही केली होती आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या यादीत तो १९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. मात्र १९९४ च्या पहिल्या अल्बमच्या लाखो प्रती खपलेल्या असल्यामुळे दुसऱ्याची विक्री अपयशासारखी दिसली आणि त्यातच ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या वाचकांनी त्या वर्षीच्या वाईट अल्बमांत त्याला तिसरे स्थान दिले. पुढे लोकांच्या लक्षात राहिला तो हा कौलच.

आपल्या कानांना जे बेसूर वाटले, ते हलगर्जीपणाने राहून गेलेले नाही. पहिल्या अल्बमची निर्मिती रिक ओकासेक या अनुभवी संगीतकाराने केली होती. त्यात गिटारचा आवाज भरदार असला तरी घासूनपुसून स्वच्छ केलेला होता आणि गाण्यांत एक मिस्कील हसू होते. दुसऱ्या वेळी बँडने निर्माता न घेता सगळे स्वतःच केले, आणि एकत्र वाजवताना जसे ऐकू येते तसेच, गिटारच्या शिट्ट्या व आवाजातील चिरा यांसह, ध्वनिमुद्रणात राहू दिले. गायक-गीतकार रिव्हर्स कुओमो त्या काळात हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता, आखूड असलेल्या एका पायाची लांबी वाढवण्याच्या वेदनादायक उपचारातून जात होता आणि प्रसिद्धीने आलेल्या एकटेपणावर गाणी लिहीत होता. पहिल्या अल्बमची गंमत पुन्हा मिळेल म्हणून कॅसेट विकत घेतलेल्या श्रोत्याच्या हाती एका त्रस्त तरुणाची खासगी वही पडावी, तसे हे झाले. सवाईच्या मंडपात एखाद्या बुजुर्ग गायकाने अपेक्षित अभंगाऐवजी अनवट राग लावला की चहा-वड्याच्या स्टॉलकडे वर्दळ वाढते, हे आपण पाहिले असेलच. त्या वर्दळीवरून गाण्याची प्रत ठरत नाही, पण उठून जाणाऱ्याचा कंटाळा खोटा असतो असेही नाही.

मत पालटले ते हळूहळू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘इमो’ (भावना उघडपणे मांडणारे रॉक संगीत) म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या अनेक तरुण बँडांना हाच अल्बम जवळचा वाटला, कारण स्वतःची फजिती इतक्या उघडपणे गाता येते, हे त्यांना इथे दिसले. गंमत म्हणजे त्याच सुमारास खुद्द कुओमो या अल्बमपासून अंग चोरत होता आणि २००१ च्या तिसऱ्या अल्बमसाठी बँड पुन्हा ओकासेककडेच गेला. त्याच ‘रोलिंग स्टोन’ने २००४ मध्ये ‘पिंकर्टन’ला पाचपैकी पाच तारे दिले. २०१० मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती निघाली आणि बँडने तो मंचावर संपूर्ण वाजवला, तर अमेरिकेत दहा लाखांच्या विक्रीचे ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र मिळायला २०१६ साल उजाडले.

तरीही आताचेच मत बरोबर आणि तेव्हाचे चूक, असे मी म्हणणार नाही. शीर्षक पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरातून आले आहे. जपानी मुलीशी लग्न करून तिला सोडून जाणारा अमेरिकन नौदल अधिकारी म्हणजे पिंकर्टन. (याच नावाच्या एका सुरक्षा कंपनीने विक्री थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली होती, तिचा दावा टिकला नाही.) आपण त्या अधिकाऱ्यासारखेच स्वार्थी आहोत, ही कबुली गाण्यांत आहे. पण एका जपानी चाहतीच्या पत्रावर बेतलेल्या गाण्यात ती मुलगी माणूस म्हणून फारशी दिसत नाही, दिसते ती त्याच्या कल्पनेतली, आणि ही अस्वस्थता आजच्या पाच ताऱ्यांनीही पुसली जात नाही. संगीत म्हणून मात्र माझा कौल आपल्या चिरंजीवांच्या बाजूने आहे. सुरावटी पहिल्या अल्बमपेक्षा लांब पल्ल्याच्या आणि अनपेक्षित वळणांच्या आहेत. गोंगाटामुळे त्या पहिल्या फेरीत हाती लागत नाहीत, इतकेच.

चौथ्यांदा ऐकण्याची तयारी असेल, तर सुरुवात शेवटच्या ‘बटरफ्लाय’ या गाण्यापासून करावी. त्यात विद्युत गिटारचा गोंगाट नाही. एक साधी गिटार आणि माफी मागणारा एक आवाज आहे. तो ओळखीचा झाला की मग पहिल्या गाण्याकडे यावे आणि त्या गदारोळात तोच आवाज सापडतो का, ते पाहावे.