आबांना निकालाच्या आधी सांग

"मावशी, नमस्कार. मी २८ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. शिरवळच्या कॉलेजातून बीव्हीएस्सी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री केली, वर्गात पहिल्या पाचात होते. लग्न करून न्यू जर्सीला आले. इथे व्हेट म्हणून काम करायचं तर नॅव्हली नावाची लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते. पहिल्यांदा दिली तेव्हा ४१२ आले, पास व्हायला ४२५ लागत होते. आबांनी फोनवर विचारलं, 'झालं का गं?' आणि माझ्या तोंडून 'हो आबा' निघून गेलं. त्यांनी गावात पेढे वाटले. आता दुसऱ्यांदा दिलीय, निकालाला अजून तीन आठवडे आहेत. सध्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, कुत्री धरते, नखं कापते, पिंजरे धुते. रात्री दोनला जाग येते, तेच प्रश्न डोक्यात फिरतात, ईमेल उघडून बघते. नवरा म्हणतो होईल गं, टेन्शन नको घेऊस. पण परत फेल झाले तर? कधी कधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. मी काय करू?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "जागच येऊ नये" या वाक्यावर थांबले, म्हणून आधी तेच बोलते, परीक्षेचं नंतर. मी तुला सरळ विचारते, राग मानू नकोस, जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार मनात येतो का? येत असेल, अगदी पुसटसा जरी येत असेल, तर आज रात्री नवऱ्याला उठव आणि याच शब्दांत सांग, आणि तिथे अशा विचारांत मदत मागायला ९८८ नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, फोन कर नाहीतर मेसेज कर. (भारतातून कुणी हे वाचत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.) तुमच्या पेशात हे जास्त होतं गं, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांच्या २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पशुवैद्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त दिसलं होतं, स्त्री पशुवैद्यांमध्ये तर आणखी जास्त. व्हेट लोकांनीच एकमेकांसाठी २०१४ पासून चालवलेली नॉट वन मोअर व्हेट नावाची संस्था आहे, तिचं नाव लिहून ठेव. आणि नुसता थकवा असेल, की बास झालं आता, तरी डॉक्टरला दाखव, महिनोन्‌महिने रात्री दोनला जाग येणं हे दुखणंच आहे, ते अंगावर काढायचं नसतं.

आता ही परीक्षा. माझ्या भाचीनं ती दिलेली आहे, पहिल्या खेपेला नापास झाली होती, म्हणून मला यातलं थोडंफार कळतं, आणि आमचे हे सव्वीस वर्षं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरच्या घरात काय चालतं ते पण माहितीय.

तू लिहितेस तेच प्रश्न डोक्यात फिरतात. अगं त्या परीक्षेत ३६० प्रश्न असतात ना, त्यातले ३०० च मोजतात, बाकीचे ६० पुढच्या परीक्षांसाठी नुसते तपासून बघायला घातलेले असतात, आणि कुठले ते कुणालाच सांगत नाहीत. म्हणजे ज्या प्रश्नासाठी तू रात्री दोनला उठून बसतेस तो कदाचित मोजणारच नाहीत. भाचीला हे माहिती होतं तरी ती एका घोड्याच्या प्रश्नावर पंधरा दिवस कुढत बसली होती, शेवटी मी तिला म्हटलं वहीत लिही, तारीख टाक, वही कपाटात ठेव. प्रश्न नाही लिहायचा हं, प्रश्न बाहेर काढायचे नाहीत असं तुम्ही कबूल केलेलं असतं, फक्त "घोडा, काळजी" एवढंच. रात्री जाग आली की वहीत एक ओळ, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. फोन उशाशी नको. निकाल काही रात्री दोनला उघडून बघितल्यानं लवकर येत नाही.

आणि ते ४१२. तू १३ मार्कांनी गेलीस, म्हणजे १३ प्रश्न चुकले असं धरून बसली असशील, पण तो स्कोअर २०० ते ८०० च्या स्केलवर बसवलेला असतो, त्यावरून किती प्रश्न कमी पडले ते काढता येत नाही. तेव्हा "अजून थोडे प्रश्न बरोबर आले असते तर" हा हिशोब करायचाच नाही.

कॉलेजात पहिल्या पाचात होतीस आणि इथे फेल, हे तुला सगळ्यात जास्त टोचतंय असं मला पत्रावरून वाटतं. तर मला सांग, तू शिरवळला काय शिकलीस? म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या. घटसर्प, फऱ्या, थायलेरिया, लाळ्या खुरकूत. २०२२ मध्ये जनावरांच्या लम्पीची मोठी साथ आली तेव्हा तू कदाचित इंटर्नशिपला असशील, गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरली असशील. आणि ही परीक्षा बेतलेली आहे तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामावरून, त्यात निम्मं कुत्रंमांजर, मग घोडा, मग गाय, म्हैस जवळजवळ नाहीच. अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या खुरकूत झालेला नाही, तिथली मुलं तो पुस्तकातल्या फोटोत बघतात, तू त्या जनावराच्या तोंडात हात घालून फोड बघितलेत. उलट घोड्याचा पोटशूळ, म्हाताऱ्या मांजराचं थायरॉइड, कुत्र्याचा हार्टवर्म म्हणजे हृदयातले जंत, हे तिथल्या मुलांनी कॉलेजात रोज बघितलेलं आणि तू वाचून पाठ केलेलं. तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं पास होण्याचं प्रमाण तिथल्या मुलांपेक्षा कमी असतं ते काय उगीच नाही. मी तुझी समजूत घालायला हे सांगत नाहीये, अभ्यास कुठे करायचा ते यावरून ठरतं म्हणून सांगतेय.

पण खरं सांगू का, तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड ओझं परीक्षेचं नाहीच. ते पेढ्यांचं आहे.

आमच्या यांची गोष्ट सांगते. यांना एमपीएससीत दोनदा अपयश आलं, तिसऱ्यांदा नोकरी लागली. दुसऱ्या वेळी यांनी घरी सांगितलंच नाही, निकाल लांबलाय म्हणाले, महिनाभर तसंच चालवलं. मग एका बुधवारी सासरे बाजारातून आले, पिशवी कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले, जेवायला बसले. पहिला घास मोडला आणि यांच्याकडे न बघताच म्हणाले, "मला बाजारात कळायचं होतं होय रे?" बास. पुढे एक शब्द नाही. सासूबाई वाढत होत्या त्यांचा हात तसाच राहिला, भाकरी ताटाच्या वर. हे मला सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलं आणि सांगताना त्यांचे डोळे भरले होते. सासऱ्यांना नापास झाल्याचं काहीच वाटलं नव्हतं गं, ते शेतकरी माणूस, एक पाऊस गेला तर दुसऱ्याची वाट बघणारे. वाटलं ते याचं की चहाच्या टपरीवरच्या माणसाला आधी माहिती आणि बापाला नंतर.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आबांना सांग, आणि निकाल यायच्या आधी सांग. तुला वाटत असेल की पास झाले तर सांगायची गरजच पडणार नाही, मिटलं. नाही मिटत. पास झालीस तर खऱ्या निकालाचा आनंद तू आबांना सांगू शकणार नाहीस, कारण त्यांच्या लेखी तू गेल्या वर्षीच पास झालीयेस, म्हणजे ज्या दिवशी तुला सगळ्यात जास्त त्यांच्याशी बोलावंसं वाटेल त्याच दिवशी तुला गप्प बसावं लागेल. आणि फेल झालीस तर एका फोनवर दोन नापास आणि एक खोटं, तिन्ही सांगायचं, रडत रडत. तो फोन तू करणारच नाहीस, मला माहितीय, पुढे ढकलशील. आत्ता सांगायला एकच गोष्ट आहे. आत्ताच सोपं आहे.

त्यांना समजेल असं सांग. आपल्याकडे डिग्री झाली की राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवलं, झालं, लगेच डॉक्टर, त्यामुळे डॉक्टर झालेल्या पोरीला परत कसली परीक्षा हे गावात कुणाला कळतच नाही. आबांना सांग की इथे इथल्या मुलांना पण डिग्रीनंतर ही परीक्षा द्यावीच लागते, आणि आपली डिग्री इथे तशीच्या तशी धरत नाहीत म्हणून माझ्या वाटेत अजून पण पायऱ्या आहेत. ईसीएफव्हीजी, म्हणजे बाहेरची डिग्री तिथे मान्य करून घ्यायची जी वाट आहे, त्या वाटेनं चालली असशील तर इंग्रजी, मग बीसीएसई ही मूलभूत आणि क्लिनिकल विषयांची परीक्षा, आणि तीन दिवसांची ती प्रात्यक्षिक परीक्षा, ऑपरेशन, भूल, एक्स-रे, घोडा, गाय, शवविच्छेदन सगळं करून दाखवायचं. हे सगळं त्यांना सांग. बापाला आपल्या पोरीचं काम किती अवघड आहे ते कळू दे की. आत्ता त्यांना वाटतंय ती अमेरिकेत खुर्चीत बसलीय, आणि तू पिंजरे धुतेस हे पण सांग, त्यात लाजण्यासारखं काय आहे, ज्या घरात शेण काढतात त्या घराला पिंजरा धुण्याचं काय.

पेढ्यांचं काय करायचं ते आबा बघतील. गावाला सांगायचं की नाही हा त्यांचा निर्णय, तो तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

नवऱ्याबद्दल एकच. "होईल गं" हे तो प्रेमानं म्हणतो पण त्यानं तुझं तोंड बंद होतं, बरोबर? तर त्याला काम दे. निकालाचा मेल कामावर असताना उघडायचा नाही, संध्याकाळी घरी येऊन, तो शेजारी असताना उघडायचा, तोपर्यंत तुझ्या मेलचा पासवर्ड बदलून त्याच्याकडे. भाचीनं पहिल्या वेळी क्लिनिकच्या बाथरूममध्ये उघडला आणि मग तोंड धुऊन बाहेर येऊन एका लॅब्रेडॉरचं रक्त काढायला पाय धरून उभी राहिली, मालकीणबाई विचारतायत "तुम्ही ठीक आहात ना?" आणि ही मान हलवतेय. तसं नको.

आणि समजा फेल झालीस. तर त्या रात्री काही ठरवायचं नाही, पुन्हा देणार का, सोडणार का, भारतात परत जाऊ का, काहीच नाही. जेव, झोप. पंधरा दिवस पुस्तक बंद. मग निकालाबरोबर तो डायग्नोस्टिक रिपोर्ट येतो तो काढ, कुठल्या प्राण्यात आणि कुठल्या प्रकारच्या कामात कमी पडलीस ते त्यात दिसतं, पहिल्या वेळचा पण काढ आणि दोन्ही शेजारी ठेव. पहिल्या वेळचा तू नीट बघितलाच नसशील असं मला वाटतं, लाजेनं फाइल बंद केली असशील, भाचीनं पण तेच केलं होतं. दोन्हीकडे जे कमी आहे तेवढंच धर. घोडा कमी असेल तर घोड्यांच्या डॉक्टरबरोबर शनिवारी फिरायला मिळतंय का बघ, गोठ्यात वाढलेल्या पोरीला एकदा डोळ्यानं बघितलं की लक्षात राहतं. किती वेळा परीक्षा देता येते याला मर्यादा आहे, त्यामुळे घाईघाईनं पुढचीच तारीख घेऊन एक संधी वाया घालवायची नाही.

एक गोष्ट मात्र उद्यापासूनच कर, निकाल काही का लागेना. त्या परीक्षेत मालकाशी कसं बोलायचं यावर पण प्रश्न असतात, आणि ते आपल्याकडे कुणी फारसं शिकवत नाही, आपण म्हणतो "काका, जनावर वाचणार नाही" आणि संपलं. तुझ्या क्लिनिकच्या डॉक्टरबाई म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायच्या आधी मालकाशी कशा बोलतात ते ऐक, कुठे बसतात, किती वेळ गप्प राहतात, संमती कशी घेतात. कुत्रं धरून तू तिथेच उभी असतेस. ही जागा तिथल्या विद्यार्थ्यांना सुद्धा रोज मिळत नाही.

फोन या शनिवारीच कर. तुझ्याकडे रात्रीचे आठ वाजले की थंडीच्या दिवसांत तिकडे रविवारचे सकाळचे साडेसहा होतात, आबांच्या धारा काढून झाल्या असतील, चहा घेऊन ओट्यावर बसले असतील. व्हिडिओ नको, साधा फोन लाव, दोघांनाही बोलायला सोपं जाईल. "आबा, मागच्या वर्षी मी तुम्हाला खोटं सांगितलं," या वाक्यानंच सुरुवात कर, आधी तब्येत विचारत बसलीस तर ते वाक्य राहून जाईल. ते गप्प बसले तर बसू दे, फोन ठेवू नकोस. आणि मला कळव काय म्हणाले ते, मी वाट बघतेय.

तुझी मावशी