विदिशा, अवंतिका, मथुरा: गावाचं नाव मुलीला चालतं का?

प्रश्न असा आलाय की मुलीचं नाव विदिशा ठेवायचं जवळजवळ ठरलंय, पण घरातले मोठे म्हणतायत की हे तर मध्य प्रदेशातल्या गावाचं नाव, गावाचं नाव मुलीला कुठं ठेवतात का? आणि जोडीला दुसरा प्रश्न, ठेवलंच तर "विदिशेचा वाढदिवस" म्हणायचं की "विदिशाचा"?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. ठेवतात, आणि कितीतरी पिढ्या ठेवत आलेत. ज्या मोठ्यांचा विरोध आहे त्यांना त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं विचारून बघा, एखादी तरी काशीबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, गयाबाई निघेलच, आणि घर मराठवाड्याकडचं असेल तर अयोध्याबाई आणि प्रयागबाईसुद्धा निघतील. ही सगळी गावंच आहेत की! बाजीरावाची बायको काशीबाई, लेखिका काशीबाई कानिटकर, गांधीजींबरोबर चंपारणात काम केलेल्या अवंतिकाबाई गोखले, यांच्या नावांकडे बघताना आपल्याला गाव आठवतच नाही इतकी ती नावं अंगवळणी पडलीत.

यामागे एक श्लोक आहे, "अयोध्या मथुरा माया काशी काञ्ची अवन्तिका" आणि पुढे "पुरी द्वारावती चैव" (पुरी म्हणजे नगरी, द्वारावती म्हणजे द्वारका), म्हणजे मोक्ष देणाऱ्या सात नगरी. आता ही सातही नावं परत एकदा वाचा. एकूण एक स्त्रीलिंगी, एकूण एक मुलीला ठेवता येण्यासारखं. माया म्हणजे इथे हरिद्वार, अर्थात कुणी मुलीचं नाव माया ठेवताना हरिद्वार मनात नसतं, तिथे माया-ममतेतली माया असते किंवा बुद्धाची आई. कांची मराठीत फारसं रुजलं नाही. बाकीची पाच मात्र घरोघर झाली. प्रवासाची धड सोय नव्हती तेव्हा काशीला जाणं हा आयुष्यातला एकच मोठा बेत असायचा, बहुतेकांचा तोही राहून जायचा, म्हणून तर "काशीस जावे नित्य वदावे" अशी म्हण झाली. लेकीचं नावच काशी ठेवलं की ते दिवसातून दहादा तोंडी येणार, त्यात पुण्य आहे ही श्रद्धा. अजामिळाची गोष्ट माहीत असेल, मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि तरला, तोच विचार.

इंग्रजांकडे जरा वेगळं दिसतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० मध्ये फ्लॉरेन्स शहरात जन्मली म्हणून फ्लॉरेन्स, तिची मोठी बहीण नेपल्सला जन्मली म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थेनोपी. म्हणजे जिथे जन्म झाला ते गाव. आपल्याकडे जन्मगावाचं नाव सहसा कुणी ठेवत नाही, जिथे जायची ओढ आहे त्या गावाचं ठेवतात, आणि मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

कारण ओढ बदलली की नावंही बदलतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर बौद्ध घरांमधली मुलींची नावं बघा, लुंबिनी, वैशाली, सांची, श्रावस्ती, नालंदा, तक्षशिला. काशी-मथुरेच्या जागी एक नवा नकाशा आला, आणि हा बदल कुठल्या मंडळानं ठराव करून नाही घडवला, आईबापांनी बारशाच्या दिवशी केला. त्यातलं वैशाली हे नाव तर पुढे सगळ्याच समाजांत इतकं पसरलं की ७०-८० च्या दशकातल्या शाळेत वर्गात एक तरी वैशाली असायचीच, पण ते लिच्छवी या प्राचीन गणराज्याच्या राजधानीचं नाव आहे, आम्रपालीचं गाव, आणि बुद्धाला वाढवणारी त्याची मावशी महाप्रजापती गौतमी हिच्या आग्रहावरून स्त्रियांना भिक्षुणी संघात प्रवेश मिळाला तो वैशालीलाच असं बौद्ध परंपरा सांगते. मुलीला ठेवायला याहून वजनदार गावाचं नाव मला तरी सुचत नाही.

तिसरी वाट काव्याची, आणि तुमची विदिशा त्या वाटेवरची आहे. मेघदूतातला ढग रामगिरीवरून, म्हणजे आपल्या रामटेकवरून असं बहुतेक जण मानतात, निघतो आणि विदिशा, उज्जयिनी करत कुबेराच्या अलकानगरीत पोचतो. अलका, विदिशा, अवंती, शिवाय वाटेतल्या रेवा आणि शिप्रा या नद्या, ही सगळी नावं आज मुलींची आहेत. (अलकाला "अलक" म्हणजे कुरळ्या बटा हा अर्थही येऊन मिळतो.)

इथे एक बारकावा आहे. गावाचं रोजच्या तोंडातलं, झिजलेलं रूप नाव म्हणून चालत नाही, जुनं रूप चालतं. बनारस नाही पण काशी, उज्जैन नाही पण अवंतिका, बसाढ नाही पण वैशाली. विदिशाचंच बघा ना, १९५६ पर्यंत नकाशावर ते गाव भेलसा होतं, आणि भेलसा नावाची मुलगी काही होणार नाही!

वैदेही, मैथिली, गांधारी, पांचाली यांचा गट थोडा वेगळा, ती गावाची किंवा देशाची नावं नाहीत, "त्या देशाची मुलगी" असा अर्थ आहे. त्यात वैदर्भी हे आपल्या विदर्भाचं, दमयंती आणि रुक्मिणी दोघींना लागणारं. नागपूर-अमरावतीकडच्या लोकांनी याचा जरूर विचार करावा.

बरं, संस्कृतात पुरी, नगरी स्त्रीलिंगी, म्हणून शहर ही बाई आणि पुरुषाचं नाव तिच्या नाथावरून, काशी-काशिनाथ, द्वारका-द्वारकानाथ. पंढरीचं मात्र उलटं झालं, वारकरी तिला माहेर म्हणतात, नगरी म्हणून ती "ती", पण माणसाचं नाव पंढरी असेल तर तो पुरुष, कारण ते पंढरीनाथचं छोटं रूप.

महाराष्ट्रातल्या आजच्या गावांमध्ये शोधलं तर फार कमी सापडतात. पुणे-सातारा रेल्वेवरचं नीरा, आणि वर्धा जिल्ह्यातलं आर्वी, हे नाव सध्या मुलींना भरपूर ठेवतात पण ठेवणाऱ्यांच्या मनात ते गाव नसतं. वर्धा, सातारा शेवटी आ असूनही मुलीचं नाव वाटत नाहीत, कारण आपण वर्ध्याला, साताऱ्याला म्हणतो, जसं घोड्याला. मथुरा, द्वारका, अयोध्या यांचं मथुरेला, द्वारकेला, अयोध्येला होतं, तिथे स्त्रीलिंग लगेच कानाला कळतं.

आणि यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाव असेल तर विदिशेला, विदिशेचं स्टेशन. मुलगी असेल तर विदिशाला, विदिशाचा वाढदिवस, कारण आजच्या मराठीत आपल्यातल्या बायकांच्या आकारान्त नावांचं सामान्यरूप करत नाहीत, वर्षाला, उषाचा असंच म्हणतात, पुराणातल्या सीतेला आणि राधेला तेवढं होतं. जुन्या लिखाणात घरातल्या बाईचं नावही "यमुनेस" असं दिसेल, ती तेव्हाची रीत. म्हणजे मोठी झाल्यावर तुमची लेक तिकडे फिरायला गेली तर बिनधास्त लिहा, विदिशा विदिशेला गेली, कोण कुठे गेलं याचा कुणाचाही गोंधळ होणार नाही.