कॅम्परच्या जॅकसाठी अडीच लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न: खारघरच्या एका वाचकांनी पिकअपच्या हौद्यावर बसणारी कॅम्पर केबिन बनवून घेतली आहे. ती उचलणारे चार इलेक्ट्रिक जॅक अर्ध्यातच रेंगाळतात. दुकानदाराने लिथियम बॅटऱ्या, सोलर आणि इन्व्हर्टर मिळून अडीच लाखांचं कोटेशन दिलंय. पर्सनल लोन काढावं का?

उत्तर: नको. 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण 8,545 रुपये बसेल आणि 57,600च्या आसपास नुसतं व्याज जाईल. एवढं करून रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तुमचाच हिशेब मांडू. एक जॅक 15 अँपिअर ओढतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे चार मिळून 60. वर जायला पाच मिनिटं, खाली यायला पाच. झाले 10 अँपिअर-तास. 12 व्होल्टवर 120 वॅट-तास. घरातला 75 वॅटचा पंखा दोन तासांत याहून जास्त खातो. तुमची 100 अँपिअर-तासाची बॅटरी धडधाकट असेल तर तिला हे जड नाही.

जॅकला वीज थोडी लागते, पण एकदम लागते. अडतं ते इथे. फोटोत बॅटरीपासून कंट्रोल बॉक्सपर्यंत 6 चौरस मिलिमीटरची वायर दिसते, लगही (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) काळवंडलेला. चार मीटर जाऊन परत यायचं, त्यात 60 अँपिअर. दीड व्होल्ट वाटेतच गळतो. 25 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर हीच गळती 0.4 व्होल्टच्या आत राहते. आधी केबल, नवे लग आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज एवढंच करा. मग जॅक चालू असताना कंट्रोल बॉक्सवर मल्टिमीटर लावून पाहा. बॅटरीच्या टोकांवरच व्होल्टेज कोसळत असेल तर बॅटरी बदला, तीही साधी चालेल.

लिथियमबद्दल दुकानदाराला एक विचाराच: तिचं बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट, सलग किती अँपिअर देतं? 50 असेल तर चारही जॅक एकदम लावताच ती बंद पडेल.

फ्रिज घेऊन चार-चार दिवस बाहेर राहणार असाल तर लिथियम-सोलरचा विचार वेगळा, आणि तोही साठवलेल्या पैशातून. एफडी मोडू नका.

जाता जाता, केबिनसाठी गाडीत कायमचा फेरफार केला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या.