शाबूकंद: आधी गिऱ्हाईक, मग बेणं

प्रश्न: साबुदाणा झाडाच्या खोडातून निघतो म्हणे. आमच्या खाचरात ती झाडं लावू का? (मुळशी)

ते झाड सागो पाम. न्यू गिनी, इंडोनेशिया, सारावाकच्या दलदलीतलं. खोडात पिठूळ गर भरायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि फुलोऱ्याच्या तोंडावर तोडलं नाही तर सगळा गर फुलाफळांत जातो. शिवाय त्याला ओल बारमाही लागते. तुम्ही आपला इंद्रायणी भातच लावा. आपला एकादशीचा साबुदाणा शाबूकंदाचा, म्हणजे कसाव्याचा, आणि तो येतो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून.

प्रश्न: शिरूरला दोन एकर आहे. एक कंपनी शाबूकंदाचं बेणं देते, माल आम्हीच उचलू म्हणते. लावू?

पीक येईल, त्यात वाद नाही. निचऱ्याची जमीन, वीतभर कांड्या, तीन बाय तीन फुटांवर एकरी ४,८४०. आठ-दहा महिन्यांत काढणी. घोळ त्यानंतरचा.

मागे एक कंद मुद्दाम टेबलावर ठेवला होता. सोमवारी टोक मोडलं तर आत खडूसारखा पांढरा. गुरुवारी पाहतो तर शाई झिरपावी तशा निळ्या-काळ्या शिरा. म्हणून कारखाना शेताजवळ लागतो. इथून सेलम हजारेक किलोमीटर. शंभर किलो कंदात स्टार्च २५-३० किलो, बाकी बहुतेक पाणी. भाडं त्या पाण्याचंही भरायचं!

तेव्हा कंपनीला तीनच गोष्टी विचारा: दर काय, स्टार्चची टक्केवारी कोण मोजणार, उपटल्यापासून किती तासांत उचल. कागदावर देत नसतील, तर त्यांचा धंदा बेणं विकण्याचा. सफेद मुसळी या औषधी पिकाच्या लाटेत मीही असेच हात पोळून घेतलेत. दोन एकर नको, दोन गुंठे लावून बघा.

प्रश्न: पाला-साली गुरांना चालतील? (जुन्नर)

ताज्या अजिबात नको, त्यातून सायनाइड सुटतं. चिरून कडक उन्हात वाळवल्यावर ते बरंच उतरतं, तरी पशुवैद्यांना विचारूनच थोडं थोडं द्या.

प्रश्न: खात्रीचं बेणं कुठलं?

तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या जाती घ्या. संस्था १९६३ पासूनची आहे. स्टार्चसाठी एच-२२६, घरी उकडून खायला श्री जया. ही सहा-सात महिन्यांतच निघते. पानं आकसलेली, पिवळ्या चट्ट्यांची दिसली तर तो मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते, पण शेतात येतो बहुधा कांडीतूनच. म्हणून शेजाऱ्याने फुकट दिलेलं बेणंही आधी उभ्या झाडावर पाहून घ्या.