जुनी जपानी पॉप गाणी ऐकायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: यूट्यूबने 'प्लास्टिक लव्ह' आणि 'मायोनाका नो दोआ' ही दोन गाणी समोर आणून ठेवली आणि ती आवडली. आता जपानमधली माणसं आपली म्हणून कोणती जुनी गाणी जपतात? आणि भाषा येत नसताना ती ऐकावीत का?

ऐकावीत, पण शब्दांचा अर्थ आधी वाचून. मी पुण्यात जपानी शिकले, आता नोकरीमुळे कावासाकीत राहते. ही गाणी मला मिळाली ती ऑफिसातल्या पन्नाशी-साठीच्या सहकाऱ्यांकडून, काराओकेच्या खोलीत. तिथे एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही ऐकलेली दोन्ही गाणी सुंदर आहेत, पण माईक हातात आला की ही मंडळी वेगळीच गाणी लावतात, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांत कोणीतरी कुणाला तरी मागे ठेवून गाडीत बसलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर एका गाण्यापासून सुरू होतं: 'मोमेन नो हांकाचीफु', म्हणजे सुती रुमाल. 1975 च्या डिसेंबरात आलं. गायिका हिरोमी ओता, शब्द ताकाशी मात्सुमोतो यांचे, चाल क्योहेई त्सुत्सुमी यांची. चार कडवी आहेत आणि प्रत्येकात आधी तो बोलतो, मग ती. दोघांचंही एकटी हिरोमीच गाते.

तो पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसून निघाला आहे, म्हणजे पश्चिमेकडच्या कुठल्यातरी गावातला असणार. शहरातून तुझ्यासाठी भेटवस्तू शोधून आणतो, असं तो म्हणतो. ती म्हणते, मला काही नको, फक्त शहराचा रंग न लागता परत ये. सहा महिने जातात. तो शहरात चालणारी अंगठी पाठवतो आणि ती सांगते, हिरा-मोती तुझ्या चुंबनापुढे काहीच नाहीत. पुढच्या कडव्यात तो विचारतो, तू अजून लिपस्टिक लावत नाहीस का? आणि सुटातला स्वतःचा फोटो दाखवतो. तिला गवतावर लोळणारा तो आवडायचा, तरी ती एवढंच म्हणते की तिकडच्या उंच इमारतींमधला थंडीचा वारा बाधेल, जप. शेवटच्या कडव्यात तो माफी मागतो. रोजचे दिवस मजेत चाललेत, आता मला परत येता येणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदाच काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल.

आणि चाल? चाल लखलखीत उन्हासारखी आहे! व्हायोलिनं धावत असतात, ठेका पाय हलवायला लावतो. अर्थ माहीत नसेल तर सहलीचं गाणं वाटेल. अर्थ वाचून पुन्हा ऐका. चौथ्या कडव्यातही चाल जराही मंदावत नाही, आणि माझ्या मते गाण्याची सगळी ताकद तिथे आहे. त्सुत्सुमींनी तिथे करुण सूर लावला असता तर हे गाणं पन्नास वर्षं टिकलं नसतं.

हे इतक्या लोकांच्या मनाला का भिडलं, त्यामागे खरा इतिहास आहे. 1954 पासून साधारण वीस वर्षं, शाळा संपवलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना कामासाठी शहरांत नेणाऱ्या खास रेल्वेगाड्या सुटत. ईशान्य जपानातल्या गाड्या टोकियोच्या उएनो स्टेशनात रिकाम्या होत, आणि ती मुलं तिथून कारखान्यांत, दुकानांत विखुरत. त्यांच्यावरचं 'आआ उएनो एकी' हे हाचिरो इझावा यांचं गाणं 1964 चं आहे. त्याचं स्मारक आज त्या स्टेशनाबाहेर उभं आहे. माझं आजोळ कोकणातलं, चाकरमान्यांचं. गिरणीत गेलेले आजोबा आणि गावात राहिलेली आजी या गोष्टी ऐकत मोठी झाल्यामुळे मला हे गाणं परकं वाटलंच नाही.

त्याच उएनोतून उलट्या दिशेने जाणारं गाणं म्हणजे सायुरी इशिकावाचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि', 1977 चं. शब्द यू आकू यांचे, चाल ताकाशी मिकी यांची. पहिल्या ओळीत उएनोची रात्रीची गाडी, आणि लगेच आपण बर्फातल्या आओमोरी स्टेशनात उतरलेलो असतो. मधला सगळा प्रवास आकूंनी गाळला. उत्तरेकडे परतणारे सगळे गप्प आहेत, फक्त समुद्राची गाज ऐकू येते, आणि एक बाई एकटीच समुद्रापलीकडच्या होक्काइदो बेटाच्या बोटीत चढते. ती कुणाला सोडून आली आणि का, हे सांगितलेलं नाही. इशिकावा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती, हे आवाज ऐकून पटत नाही. 1988 च्या मार्चमध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि ती बोटसेवा बंद पडली. त्यातली एक बोट, हाक्कोदा-मारू, आओमोरीच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून जपली आहे. शेजारी या गाण्याचा दगड आहे. जवळ गेलं की गाणं आपोआप वाजू लागतं. भर हिवाळ्यात जावं असं ते ठिकाण आहे.

मात्सुमोतोंकडे परत येते, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. ते मुळात 'हाप्पी एन्दो' या रॉक बँडचे ड्रमर. त्याच बँडमधले त्यांचे मित्र एइइची ओताकी यांनी 1980 साली नव्या अल्बमसाठी त्यांच्याकडे गीतं मागितली. त्या सुमारास मात्सुमोतोंची लहानपणापासून हृदयविकार असलेली बहीण वारली. त्यांना लिहिणं जमेना आणि दुसरा गीतकार बघ, असं त्यांनी ओताकींना कळवलं. ओताकी म्हणाले, मी थांबतो. अल्बम त्या उन्हाळ्यात यायचा होता, तो आला 21 मार्च 1981 ला. नाव 'अ लाँग व्हेकेशन'. त्याचं पहिलं गाणं 'किमि वा तेन्नेनशोकु' गाडीत लावायचं, समुद्राकडे निघालेलं वाटतं. शब्दांत मात्र आठवण काळी-पांढरी झाली आहे आणि तिच्यात रंग भर, असं गाणारा म्हणतो. बहीण गेल्यावर टोकियोतल्या शिबुयाचे रस्ते रंगहीन दिसत होते, असं मात्सुमोतोंनी पुढे स्वतः सांगितलं आहे. हे कळल्यापासून मी ते पार्श्वभूमीला लावून काम करू शकत नाही.

मोमोए यामागुचीची किमान दोन गाणी तरी ऐका. 'कोस्मोसु' (1977, शब्द-चाल मासाशी सादा) लग्नाच्या आदल्या दिवशीचं आहे. मुलगी सामान बांधते आहे, आई जुना अल्बम उघडून तिच्या लहानपणीच्या त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते. शेवटी मुलगी म्हणते, अजून थोडा वेळ मला तुझी लेक राहू दे. पाठवणीच्या गाण्यावर रडणाऱ्या घरातून आलेल्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दुसरं 'ई हि ताबिदाची' (1978, शिंजी तानिमुरा), जे तेव्हाच्या जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या जाहिरातीतून घराघरांत गेलं. मोमोएने 5 ऑक्टोबर 1980 ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात शेवटचं गाणं गाऊन पांढरा माईक रंगमंचावर ठेवला, लग्न केलं आणि पुन्हा कधी गायला आली नाही. वय एकवीस. तिची गाणी ताजी राहिली त्यात या निश्चयाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुको' (1961) तुम्ही बहुतेक ऐकलंही असेल. परदेशात ते 'सुकियाकी' या नावाने गेलं आणि 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं गाणं, आणि शेवटी नुसती शीळ. साकामोतो 12 ऑगस्ट 1985 च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात गेले. त्या विमानातली 520 माणसं दगावली. ते कावासाकीचे. इथल्या केइक्यू कावासाकी स्टेशनात गाडी येताना याच गाण्याची धून वाजते, आणि घाईच्या वेळीही ती माझ्या कानाआड होत नाही.

सेइको मात्सुदाचं 'आकाई स्वीटोपी' (1982) गोड आहे, शब्द पुन्हा मात्सुमोतोंचेच. ते आवडलं तर तिचं बाकीचं ऐका. हिबारी मिसोराचं 'कावा नो नागारे नो यो नि' मात्र निवांत वेळी लावा. शोवा कालखंड, म्हणजे सम्राट हिरोहितोंची कारकीर्द, 7 जानेवारी 1989 ला संपला, हे 11 जानेवारीला बाहेर पडलं आणि जूनमध्ये ती गेली. युद्धानंतरचा सगळा जपान जिच्या आवाजासोबत वाढला, तिच्या हयातीत सिंगल म्हणून आलेलं हे शेवटचं गाणं.

राहता राहिली तुमची दोन गाणी. 'प्लास्टिक लव्ह' मारिया ताकेउचीच्या 1984 च्या अल्बममधलं, तेव्हा फारसं गाजलं नव्हतं; जगभर पोचलं ते 2017 नंतर. मिकी मात्सुबाराने 'मायोनाका नो दोआ' 1979 मध्ये एकोणीस वर्षांची असताना गायलं. 2004 साली ती चव्वेचाळीसाव्या वर्षी वारली. 2020 मध्ये ते टिकटॉकवर पसरलं तेव्हा परदेशात वाढलेली मुलं आपल्या जपानी आईला नकळत ते ऐकवत होती. पहिल्या ओळीला त्या आया थबकतात आणि मग जोरात गाऊ लागतात. हे व्हिडिओ जरूर बघा, मिकीला हे बघायला मिळालं नाही याची मला फार हळहळ वाटते.

शोधताना एक करा: गाण्याचं आणि गायकाचं नाव विकिपीडियावरून जपानी लिपीतलं उचलून टाका. रोमन लिपीत शोधलं की पुष्कळदा इतरांनी गायलेल्या नव्या आवृत्त्या आधी येतात. 'त्सुगारु'साठी मूळ रेकॉर्डिंग ऐकून झालं की इशिकावाने 31 डिसेंबरला एनएचके या जपानी वाहिनीवर होणाऱ्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमात गायलेलं शोधा. ती हे तिथे अनेकदा गायली आहे. वय वाढलेल्या आवाजात ते मला जास्त आवडतं.