वस्तू कोणाची, ते आधी विचार

वेंगुर्ला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र आणि फोटो पोचले. इन्स्टाग्रामवर जुन्या वस्तू विकायला तू जे पेज काढलंयस, त्याचे फॉलोअर कसे वाढवायचे, असं तू विचारलंस. ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. मला दुसरंच सांगायचंय. जुन्या वस्तूंच्या या धंद्यात विकायचं कसं याचीच सगळ्यांना काळजी असते. गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात, बेंगळुरात आहेच आणि फोनवर रोज शोधतंय. कोकणात अवघड आहे ती खरेदी. तिथेही भाव ठरवणं सोपं. समोरची वस्तू नक्की कोणाची, हे ठरवताना घाम फुटतो.

गुहागरकडची घरं तू पाहतेसच. घर सामाईक, एक भाऊ गावात, बाकीचे डोंबिवली-विरारला. गावातल्या भावाला माळ्यावरचं घंगाळ अडगळ वाटतं, तो ते पाचशे रुपयांत तुझ्या हातात ठेवील. गणपतीला मुंबईची वहिनी येते आणि विचारते, सासूबाईंचं घंगाळ कुठंय? मग घंगाळ राहतं बाजूला आणि गावभर नाव होतं तुझं. आमच्याकडे एका आजोबांनी मला दारातच सांगितलं होतं, "माका इचारू नको, मुंबयच्या भावाक इचार." असं बोलणारा माणूस भेटला की त्याचे आभार मान. जो चटकन "घेऊन जा" म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जा आणि घरातलं आणखी कोणीतरी समोर असताना विचार.

प्रत्येक खरेदीची पावती कर. साधी वही चालेल: तारीख, वस्तूचं वर्णन, वजन, किंमत, देणाऱ्याचं नाव-पत्ता, सही, आणि "घरातल्या इतर हिस्सेदारांना माहीत आहे" हे वाक्य त्याच्याच हस्ताक्षरात. हे वाक्य लिहिताना पेन थांबलं, तर वस्तू तिथेच ठेवून ये. पैसे यूपीआयने दे, म्हणजे नोंद राहते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे, हे तुला माहीत असेल. पण उद्या पोलीस दारात आले तर तुला माहीत नव्हतं, हे सांगायला ही वहीच उपयोगी पडेल.

माळे रिकामे होतात ते मे महिन्यात, पावसाआधी कौलं चाळताना. तेव्हा मुंबईची माणसंही आलेली असतात, निर्णय जागेवर होतो. गणपतीत सगळे जमतात हे खरं, पण त्या दिवसांत धंद्याचा शब्द काढायचा नाही. दर्शन घे, मखराचं कौतुक कर, करंजी खा, घरी ये. विसर्जनानंतर फोन कर. आणि एक गोष्ट मी अजिबात करत नाही, तूही करू नकोस: पूर किंवा वादळ झालेल्या गावात खरेदीला जाऊ नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. असा चिखल उपसताना माणसं हाताला येईल ते किलोवर देऊन टाकतात आणि दोन महिन्यांनी त्यासाठी रडतात. कायद्याने त्यात चूक काही नसेल. तरी नको.

देवळाची वस्तू तर हातात घेऊनही बघू नकोस. घंटा, मुखवटा, पालखीचा दांडा, दीपमाळेवरचा दिवा, पुजाऱ्याने दिला तरी, मानकऱ्याने दिला तरी. ती देवस्थानाची असते, एका माणसाला ती द्यायचा अधिकार नसतो.

आता तुझ्या पेजबद्दल. त्या समईखाली तू लिहिलंयस: "दुर्मीळ, पेशवेकालीन." कशावरून? घरातल्या आजी "पेशव्यांच्या वेळची" म्हणाल्या म्हणून? आपल्याकडे आजेसासूच्या आधीचं सगळंच पेशव्यांच्या वेळचं असतं. आजींचं बोलणं छान आहे, ते अवतरणात दे आणि "घरच्यांच्या सांगण्यानुसार" असं पुढे लिही. तुझ्या नावावर मात्र तेवढंच लिही जे वस्तूवर दाखवता येईल.

आणि वस्तूवर पुष्कळ असतं. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घालायची पद्धत होती, त्यामुळे भांडं उलटं करून, तिरक्या उजेडात आधी वाच. पुष्कळदा तिथे शके दिलेलं असतं. शक अधिक ७८ म्हणजे इसवी सन. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे. शके १८७० म्हणजे साधारण १९४८. डब्यावर किंवा पाटीवर किंमत आण्यांत असेल, तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता जास्त, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. वजनावर शेर असेल तर ते मेट्रिकच्या आधीचं; १९६२ पासून किलो सक्तीचा झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू १९७२ ची किंवा त्यानंतरचीच, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. "ब्रिटिश काळातला बिस्किटाचा डबा" म्हणून मिरवणाऱ्या किती डब्यांच्या बुडाशी पिनकोड असतो, ते बघशील तर हसशील.

उलटंही होतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यातल्या मंगलोरी कौलावर १८६५ दिसतं, म्हणून ते कौल १८६५ चं ठरत नाही. तो कारखाना सुरू झाल्याचा सन आहे आणि पुढे कित्येक वर्षं कौलांवर उमटत राहिला. रविवर्म्यांच्या चित्रांचंही तसंच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या चित्रांच्या नकला आजही छापल्या जातात. भिंग घेऊन बघ. आखीव जाळीसारखे सारखे ठिपके दिसले तर ती नंतरची ऑफसेटची छपाई. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, दाणे वेडेवाकडे असतात. साडीवर जर-टिकल्या लावलेली प्रत मिळाली तर तिला हात लावू नकोस, धूळसुद्धा झटकू नकोस, आधी मला फोटो पाठव.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, कोणी विकायला आणली तर पानं मोज. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. एक कमी असेल तर तसं लिही. हा संच सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवून होतो, त्यामुळे नवा असेल तर नवा म्हणूनच विक. चांगल्या कारागिराचं नवं काम जुनं म्हणून विकण्यात त्याचाही अपमान आहे.

पितळेवर चुंबक फिरव. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळेचा मुलामा; भांड्याची कडीच तेवढी लोखंडी असेल तर हरकत नाही, तशी असते. हल्ली नव्या पितळेला रसायनाने काळपट करून "अँटिक फिनिश" म्हणून विकतात. बनवणारा उघडपणे सांगतो, फसवत नाही, पण तीन हात फिरून तेच तुझ्याकडे "आजोबांचं" म्हणून येतं. अशा वेळी झीज बघ. खरं वापरलेलं भांडं हात लागतो तिथे झिजतं, कानाच्या आतल्या बाजूला, तळाच्या कडेला. रसायनाचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, खोबणीतही आणि उंचवट्यावरही.

आणि कृपा करून घासू नकोस! आमसुलाचं पाणी लावून लख्ख केलेल्या तपेल्याचे फोटो तू पाठवलेस, मला कळवळायला झालं. देवघरासाठी समई घेणाऱ्याला चकचकीत हवी असते, हे मान्य. पण संग्रह करणारा तो जुना तपकिरी रंगच विकत घेतो आणि एकदा घासला की तो रंग पुन्हा यायला पिढी जाते. कोरड्या फडक्याने पूस, तसाच फोटो काढ, आणि खाली लिही: "हवं असल्यास घासून देऊ." भांड्यावर नाव असेल तर ते घासून घालवायचं नाहीच, मात्र पेजवर टाकताना पूर्ण नाव झाक. त्या घरातल्या सुनेला आपल्या आजेसासूचं नाव अनोळखी माणसांच्या फोनवर बघायला आवडेलच असं नाही. स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, आहे की नाही, हेही लिही. आपल्याला सांगावं लागत नाही, पण बेंगळुरूची बाई हौसेने त्यात रसम करील.

फोटोंचं थोडक्यात सांगते. सकाळी पडवीत, फ्लॅश न लावता. शेजारी फूटपट्टी. तळाचा फोटो हवाच. चीर, पोचा, डाग जवळून. भरणीला केसाएवढी चीर असेल तर ती पहिल्या तीन फोटोंत आली पाहिजे, शेवटी नव्हे. नावं दोन्ही दे: मराठीत "घंगाळ", आणि शोधणाऱ्याला सापडावं म्हणून इंग्रजीत "पितळेचं जुनं आंघोळीचं भांडं" या अर्थाचे शब्द.

कायद्याकडे दुर्लक्ष करू नकोस. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. कला, कारागिरी, धर्म, चालीरीती यांची ओळख देणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्यात येऊ शकते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची अट आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवायला बंदी आहे. म्हणजे शके १८४० घातलेला लामणदिवा "शंभर वर्षांहून जुना!" असं ओरडून विकणं म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणं. परदेशातून मागणी आली आणि वयाबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात येईपर्यंत पार्सल बांधू नकोस. परसात खणताना नाणी सापडली म्हणून कोणी आणलं, तर घ्यायचं नाही. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे.

तुझ्या तिसऱ्या फोटोत ओटीच्या भिंतीवर सांबराची शिंगं दिसतायत. ती "सुंदर पीस" नाहीत, वन्यजीव कायद्याचं प्रकरण आहे. शिंगं, हस्तिदंत, कासवाची पाठ, प्रवाळ, काही जातींचे शंख: घरात पिढ्यान्‌पिढ्या असले तरी विकता येत नाहीत. त्या घराकडे मालकीचं प्रमाणपत्र असलं तरीही नाही. फोटोसुद्धा पेजवरून काढ.

पाठवण्याचा खर्च तू धरलाच नाहीस असं दिसतं. कुरिअरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात आणि जास्त असेल त्याचे पैसे लावतात. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ४५ बाय ४५ बाय ४० च्या पेटीतलं सहा किलोचं घंगाळ सोळा किलोंचं होऊन बसतं. म्हणून मोठी भांडी मी शक्यतो लांब पाठवत नाही. तारकर्ली, दापोली, गुहागरकडे होमस्टेवाल्यांना हंडे, बंब, पेटारे हवेच असतात आणि ते स्वतःची गाडी घेऊन येतात. शूटिंगवाल्यांना आणि लग्नाच्या सजावटीला भाड्याने देऊन बघ. वस्तू आपलीच राहते. दूर पाठवायचं ते छोटं आणि जड: अडकित्ते, पानाचे डबे, निरांजनं, खलबत्ते. पेंढा भरू नकोस, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. कागद चुरगाळून भर, खोक्यात खोकं घाल, भरणीचं झाकण वेगळं गुंडाळ.

जीएसटीची गोम अशी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलंस तर चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी करावी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, तुझं काय त्यात बसतं ते सीएकडून ठरवून घे. नोंदणी केलीस तर जुन्या मालासाठी एक चांगली सोय आहे. दोन हजारांना घेतलेला दिवा साडेतीन हजारांना विकला तर कर वरच्या दीड हजारावरच, पूर्ण किमतीवर नाही. त्यासाठी खरेदीची किंमत दाखवावी लागते. म्हणजे पुन्हा तीच वही.

"मी फौजेत आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेव. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन लागत नाही. गेलेच पैसे, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर.

नोकरी सोडू का, असं शेवटी विचारलंयस. आत्ता नको. जूनपासून चार महिने खरेदी जवळजवळ थांबते, आहे त्या मालालाच हिरवटपणा आणि वाळवीपासून वाचवण्यात वेळ जातो. घरून काम करतेसच, तर एक अख्खा पावसाळा दोन्ही सांभाळ आणि दिवाळीनंतर वही घेऊन माझ्याकडे ये. कुडाळ स्टेशनवर उतर, मी न्यायला येईन. येताना तू पत्रात लिहिलंस तो काकांकडचा फणसाच्या लाकडाचा पाट आण, पण आधी त्या काकांच्या मुंबईच्या भावाला फोन झाला असेल तरच.

तुझी,
मावशी