‘काले’ म्हणजे काल की उद्या?

प्रश्न : सासूबाई संगमनेरहून आमच्याकडे राहायला आल्या. गुजराती अजिबात येत नाही. मधुमेहासाठी शेजारणीबरोबर दवाखान्यात जातात, आम्ही दोघं नोकरीवर. मोबाइलमध्ये बोललेलं भाषांतर करून ऐकवणारं अ‍ॅप घालून दिलंय. भरवसा ठेवावा का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : ठेवा, पण अर्धाच. इथल्या वॉर्डांत मी 31 वर्षं सिस्टर होते. माहेर दांडिया बाजारातलं, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. तरी नवी असताना घोळ घातलाच. ओपीडीत सकाळपासून गुजरातीच चाललेलं, त्या नादात साताऱ्याच्या एका आजींनाही म्हटलं, “काले भूख्या पेटे.” त्या म्हणाल्या, “काल उपाशीच होते की, एकादशी होती!” दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन हजर. रक्त घेताच आलं नाही.

गुजरातीत काल आणि उद्या, दोन्हींना ‘काले’च. पूर्ण वाक्य मिळालं तर क्रियापदावरून अ‍ॅपला कळतं. घाईतल्या अर्ध्या वाक्यावर तेही अंदाजच बांधणार. म्हणून सासूबाईंनी वार आणि तारीख विचारायचीच. उपाशी यायचं असेल तर सकाळची गोळी घ्यायची की नाही, हेही. काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते.

भाषेची अडचण आता फारशी नाही. गूगलवर 2017पासून मराठी-गुजराती दोन्ही बोलून टाइप होतं. सरकारचं ‘भाषिणी’ हे भाषांतराचं व्यासपीठ तर 2022मध्ये आपल्या गांधीनगरातच सुरू झालं. अडचण गोंगाटाची. टोकनचा पुकारा, पंखा, सिस्टरच्या तोंडावर मास्क. फोन तोंडाजवळ धरायचा, एकाने बोलायचं. आणि इअरफोन द्या हो, नाहीतर अख्ख्या रांगेला त्यांची साखर कळेल!

रात्री डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला की आम्ही तो उलट म्हणून दाखवायचो : “पंधरा, एक-पाच.” ‘हो’ आल्याशिवाय इंजेक्शन भरायचं नाही. सासूबाईंना हेच शिकवा. काय समजलं ते मराठीत बोलायचं, अ‍ॅपने ते गुजरातीत ऐकवायचं, सिस्टरने मान हलवली की उठायचं. औषधाचं नाव मात्र तोंडी नको. यंत्र ते भलतंच लिहितं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत असू द्या.

आणि सहीचा कागद पुढे आला, तर त्या दिवशी दोघांपैकी एकाने रजा टाका.